प्लॅनिंग खात्यातल्या काकूंना, जाहीर आभारपत्र

आदरणीय काकू,
सादर नमस्कार.

आपल्या टाउनचा नेबरहुड प्लॅन, म्हणजे आपल्या भागात बांधकाम कुठे आणि कसं व्हावं याचा इथल्याच लोकांनी लिहिलेला आराखडा, जनमतात मंजूर होऊन आता रीतसर लागू झाला. सभेत टाउन काउन्सिलने स्टीअरिंग ग्रुपचे आभार मानले. ते मानायलाच हवे होते, कारण त्या मंडळींनी नोकऱ्या-मुलं सांभाळून, संध्याकाळी हॉलमध्ये बसून तो लिहिला. तुमचा उल्लेख कुणी केला नाही. तुम्ही डिस्ट्रिक्ट काउन्सिलच्या नोकरीतल्या, आणि तुमचं काम चोख झालं तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून हे पत्र. नाव मुद्दामच घातलेलं नाही. जाहीर अशासाठी लिहिते आहे की इंग्लंडमधल्या कितीतरी मराठी घरांत अशा जनमताची पोल कार्डं, म्हणजे मतदानाची सूचनापत्रं, येतात आणि पिझ्झाच्या पत्रकांबरोबर रिसायकलिंगच्या डब्यात जातात.

पहिले आभार महाप्रसादाच्या रांगेतल्या त्या पाच मिनिटांचे. आमच्या गणपतीला येणाऱ्या निम्म्या लोकांची पक्की समजूत होती की ब्रिटिश पासपोर्ट हाती येईपर्यंत इथे आपण फक्त कर भरायचा. पानात वरण-भात घेता घेता तुम्ही सांगितलंत की स्थानिक निवडणुकीच्या यादीत ज्याचं नाव, त्याला या जनमतात मत. भारत कॉमनवेल्थमध्ये असल्याने वैध व्हिसावर इथे राहणाऱ्या, अठरा पूर्ण झालेल्या भारतीय नागरिकाचं नाव त्या यादीत लागतं. फक्त मतदानाच्या १२ कामकाजी दिवस आधीपर्यंत नोंदणी झालेली हवी. २०२३ पासून फोटोचं ओळखपत्र दाखवावं लागतं, तर तिथे भारतीय पासपोर्टही चालतो. त्या रात्री मंडळाच्या ग्रुपवर आरतीच्या व्हिडिओंमध्ये नोंदणीची लिंक फिरत होती. रिंग रोडपलीकडची दोन घरं मात्र हिरमुसली. ती हद्दीबाहेर पडली. हद्द प्लॅनपुरतीच ठेवायची की मतदानासाठी वाढवायची, हेही प्लॅन तपासणाऱ्या परीक्षकाने पाहायचं असतं आणि आपल्याकडे त्याने ती वाढवली नाही, हे तुम्ही त्यांना न कंटाळता समजावून सांगितलंत. समजावल्यावरही ते नाराजच राहिले, ही गोष्ट वेगळी.

पण माझ्या लेखी तुमचा खरा उपकार त्याच्याही आधीचा आहे. मतदानाची कुणाला चाहूलही नव्हती तेव्हा तुम्ही मला म्हणालात, "बोलायचं असेल तर आत्ता बोल. पोल कार्ड येईल तेव्हा फक्त हो किंवा नाही उरेल."

२०११ च्या लोकॅलिझम कायद्याने इंग्लंडमधल्या गावांना आणि वस्त्यांना हा अधिकार दिला. आपल्या भागात घरं कुठे, कशी, कोणती मोकळी जागा राखायची, हे त्यांनी स्वतः लिहायचं. प्लॅन टाउन किंवा पॅरिश काउन्सिल लिहिते. जिथे ती नसते तिथे रहिवाशांचा फोरम. पण मतदान घेते वरची काउन्सिल, म्हणजे बांधकामाच्या परवानग्या जिच्या हातात असतात ती; आपल्याकडे तुमची डिस्ट्रिक्ट काउन्सिल. लिहिणारा एक आणि कौल घेणारा दुसरा, ही वाटणी मला फार आवडली. मसुदा तयार झाला की लिहिणारे स्वतः किमान सहा आठवडे लोकांची मतं मागवतात. मग तो तुमच्याकडे येतो, तुम्ही पुन्हा सहा आठवडे तो लोकांपुढे ठेवता. त्यानंतर स्वतंत्र परीक्षक. इथवर मला सगळं ओळखीचं वाटलं. महाराष्ट्रात १९६६ च्या नगररचना कायद्याखाली विकास आराखडा येतो, 'हरकती व सूचना' मागवतात, सुनावणी होते. माझ्या बाबांनी डोंबिवलीत अशी हरकत लिहून दिली होती, पोचपावती अजून फाइलमध्ये आहे. पण तिकडे शेवटचा शिक्का राज्य सरकारचा. इथे शेवटी माणसं पेन्सिलीने फुली मारतात.

तुमच्या त्या एका वाक्यामुळे मी पहिल्या सहा आठवड्यांत बसून पानभर लिहिलं. मागणी एकच: स्टेशनकडच्या शेतात जी नवी घरं येणार आहेत, तिथून शाळेपर्यंत मुलांना चालत जाता येईल अशी वाट हवी. तुम्ही ते वाचून शुद्धलेखनाला हात लावला नाहीत. एवढंच विचारलंत, "ही तक्रार आहे की धोरण?" प्लॅन रस्त्यातले खड्डे बुजवत नाही; जमिनीच्या वापराबद्दल बोलतो. मग मी तेच पुन्हा, बांधकामाची अट म्हणून लिहिलं. आज त्या जागेच्या धोरणात पायवाटेचं वाक्य आहे. ते माझ्यामुळेच आलं असा दावा मी करत नाही, शाळेनेही तेच मागितलं होतं. पण मतदानाच्या दिवशी कितीही तावातावाने फुली मारली असती तरी ते वाक्य आत आलं नसतं.

परीक्षकाच्या अहवालाने गावात जो धुरळा उडाला, तेव्हाचीही एक आठवण. गावाबाहेरचं ते मोठं कुरण 'लोकल ग्रीन स्पेस' म्हणून राखण्याची कल्पना त्याने उडवली आणि लोक म्हणू लागले की बाहेरून आलेला माणूस बिल्डरला विकला गेला. तुम्ही शांतपणे राष्ट्रीय धोरणातला निकष दाखवलात: अशी जागा वस्तीच्या जवळ हवी, लोकांच्या दृष्टीने खरोखर खास हवी आणि विस्तीर्ण भूभाग नको. आपलं कुरण तिसऱ्या अटीत अडकलं. परीक्षकाचं काम प्लॅन चांगला की वाईट हे ठरवण्याचं नाहीच. तो राष्ट्रीय धोरणाशी आणि डिस्ट्रिक्टच्या मुख्य आराखड्याशी साधारण जुळतो का, शाश्वत विकासाला हातभार लावतो का, अशा मोजक्या अटी तो तपासतो. आम्हाला घरंच नकोत, असं म्हणायला इथे जागाच नाही. हे लोकांना आधी सांगितलं असतं तर निम्मी भांडणं वाचली असती असं मला अजूनही वाटतं. पण ते टाउन काउन्सिलने सांगायचं होतं, तुम्ही नाही.

अहवाल आल्यावर पाच आठवड्यांत तुम्हाला त्यातली प्रत्येक शिफारस मान्य-अमान्य करून कारणांसकट निर्णय जाहीर करायचा होता. जनमत घ्यायचं ठरलं की ५६ कामकाजी दिवसांत मतदान. त्याच्या किमान २८ कामकाजी दिवस आधी माहितीचं निवेदन, त्यासोबत प्लॅन, परीक्षकाचा अहवाल, आलेल्या मतांचा सारांश. सरकारी मुदती म्हणजे लांबवायच्याच, अशा सवयीत वाढलेली मी, तुमच्या किचनमधल्या कॅलेंडरवरच्या लाल खुणा बघून चकित झाले होते.

आणि मग ते शेवटचे २८ दिवस. त्या काळात काउन्सिलला बाजूने किंवा विरुद्ध प्रचाराचं काही छापता येत नाही. तुम्ही तर घरीसुद्धा तोंडाला कुलूप लावलंत. मी चहाला आले, आडून विचारलं, सरळ विचारलं, कुरण गेलं आता 'हो' का म्हणायचं म्हणून वादही घातला. तुम्ही अहवालाचा पान क्रमांक सांगितलात आणि खारी पुढे केलीत. तेव्हा राग आला होता. ओळखीच्या माणसाने आपल्याला आतलं काहीतरी सांगावं, ही आपली जुनीच अपेक्षा. ती तुम्ही पुरी केली नाहीत, याचेच मला आज सर्वांत जास्त आभार मानायचे आहेत.

प्रश्न कायद्यानेच ठरवून दिलेला. नेबरहुड क्षेत्रातल्या बांधकाम अर्जांवर निर्णय घेताना काउन्सिलने हा प्लॅन वापरावा असं तुम्हाला वाटतं का? हो, नाही. बस. शंभर पानांना एकच उत्तर, याबद्दलची माझी तक्रार कायम आहे. पायवाट हवी पण पार्किंगचा नियम नको, असं म्हणायची सोय नाही.

दुसरी तक्रार तुम्ही जवळजवळ मिटवलीत. टक्केवारीची. निम्म्याहून जास्त 'हो' पुरेत, पण किती लोकांनी यावं याला किमान मर्यादाच नाही. कंब्रियातल्या अप्पर ईडनमध्ये ७ मार्च २०१३ ला पहिलं असं जनमत झालं, तेव्हाही साधारण तिघांतला एकच मतदार आला होता. आलेल्यांतल्या ९० टक्क्यांनी हो म्हटलं. मी तुम्हाला म्हटलं, आपल्या आडव्या बाटलीचा नियम बरा. दारूचं दुकान बंद करायचं तर गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला पाहिजे. तुम्ही विचारलंत, "मग जी घरी राहिली, तिचं मत कुणाला गेलं?" उभ्या बाटलीला, अर्थात. मी गप्प बसले. तरी तिघांत एक हा आकडा मला बोचतोच, तो बोचू दे.

'हो' ठरलेलंच असतं, असंही नाही. डर्बीशरमधल्या स्वानविकने २०१६ मध्ये आपला प्लॅन मतपेटीत पाडला. त्याच वर्षी कॉर्नवॉलमधल्या सेंट आयव्हजने ८० टक्क्यांहून जास्त मतांनी ठरवलं की नवी घरं फक्त कायम राहणाऱ्यांसाठी, सुट्टीत येणाऱ्यांसाठी नाही. बिल्डर हायकोर्टात गेला आणि हरला. अलिबागला आणि गोव्यात वर्षातले अकरा महिने कुलूप असलेले बंगले पाहिलेल्या माणसाला त्या बातमीचं काय वाटतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे 'हो' जिंकलं. त्या क्षणापासून प्लॅन अधिकृत आराखड्याचा भाग झाला; तुमच्या काउन्सिलने आठ आठवड्यांच्या आत शिक्कामोर्तबही केलं. आता नव्या बांधकामांवर बिल्डरकडून घेतल्या जाणाऱ्या लेव्हीतले (शुल्कातले) २५ टक्के टाउन काउन्सिलला मिळतील, प्लॅन नसता तर १५ टक्के आणि तेही मर्यादेत. त्या पैशांचं काय करायचं यावर आतापासूनच दोन तट पडलेत.

एक मात्र तुम्हीच बजावून ठेवलंय. प्लॅन पाच वर्षांहून जुना झाला की डेव्हलपरसमोरचं त्याचं वजन घटतं, म्हणून फेरतपासणीची तयारी आतापासून हवी. त्यासाठी माणसं मागितली आहेत आणि मी नाव दिलंय. पहिल्या मीटिंगआधी मुख्य आराखड्याशी 'साधारण जुळणं' म्हणजे नेमकं किती, हे तुमच्याकडून पुन्हा एकदा समजून घ्यायचं आहे. येत्या शनिवारी दुपारी आले तर चालेल का? चकल्या घेऊन येते. भाजणी सासूबाईंनी सांगलीहून पाठवली आहे.

तुमची,
पलीकडच्या गल्लीतली