डबा कुणाबरोबर खातेस?

सोनू,

काल "नंतर बोलू" म्हणून फोन ठेवलास, तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. व्हॉइस मेसेज तू ऐकत नाहीस म्हणून टाइप करतेय, चुका असतील त्या सांभाळून घे.

टीम लीड झालीस हे बाबांनी अख्ख्या बिल्डिंगला सांगून झालंय, वॉचमनलासुद्धा. मला पण अभिमान आहेच गं. पण तू म्हणालीस ना, आजकाल डबा डेस्कवरच खाते, माझं चित्त तिथंच अडकलं. आधी तर सगळे एकत्र बसायचात, त्या सोलापूरच्या मुलीची शेंगाचटणी तू घरी घेऊन यायचीस.

टेस्टिंगवाले म्हणतात तारीख पुढे ढकला, कोडवाले म्हणतात सोमवारीच द्यायचं, आणि तू सरळ "मी लीड आहे, मी ठरवणार" म्हणून मोकळी. ठरव की, नको कोण म्हणतंय. पण ज्या सरांनी तुला हाताला धरून सगळं शिकवलं त्यांना सगळ्यांदेखत असं बोलायचं?

तुमच्या कॉम्प्युटरमधलं मला काही कळत नाही, पण लिज्जतचे पापड लाटण्यात माझी निम्मी हयात गेली. १९५९ मध्ये गिरगावात एका गच्चीवर ७ बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलं, आज आम्ही ४५ हजार जणी आहोत आणि मालकीण कोण विचारशील तर सगळ्याच. संचालिकासुद्धा आमच्यातलीच, तिला पण बेनच म्हणायचं, मॅडम वगैरे काही नाही.

एका पावसाळ्यात पापड वाळेनात. निम्म्या जणी म्हणाल्या पीठ कमी द्या, निम्म्या म्हणाल्या कमी कसं, आमचं घर वनाईच्या, म्हणजे पापड लाटण्याच्या मजुरीच्या, पैशावर चालतं. चांगलीच जुंपली. संचालिका बेन कुणाची बाजू घेईना, एकेकीला नुसतं विचारत गेली, तुझ्याकडे वाळत घालायला जागा किती? तेव्हा कळलं की भीती सगळ्यांना एकाच गोष्टीची होती, ओलसर पापड परत येतील आणि मेहनत वाया जाईल. मग जागा बघून जिला जेवढं झेपेल तेवढं पीठ न्यायचं ठरलं. दोघी तरी धुसफुसतच राहिल्या, ते चालायचंच.

तू पण विचार ना त्यांना, तारखेचं राहू दे, तुम्हाला भीती कशाची वाटतेय? आधी ऐकून घ्यावं, आपलं शेवटी बोलावं, मोठ्यांना बाजूला घेऊन... झालं, माझं लेक्चर सुरू झालं. सॉरी. तुझं तुला कळतं.

पण पाचवीत खोखोची कॅप्टन होतीस तेव्हा आठवतंय का, मॅच जिंकलात आणि तू घरी एकटीच आलीस, रडत, कारण मुली पुढे निघून गेल्या होत्या. मी तुला म्हटलेलं, जाऊ दे गं, जिंकलीस ना. आता मात्र तसं म्हणवत नाही.

उद्या डबा घेऊन त्या सरांच्या शेजारी जाऊन बस. बोलू नकोस हवं तर, नुसती जेव. दादा शनिवारी येतोय, त्याच्याकडे डिंकाचे लाडू जास्तच देते, एकटीने संपवायचे नाहीत.

बाबांची शुगर जरा वर आलीय, घाबरू नकोस, पेढे बंद केलेत. आणि गॅस बुक केलाय, तुझाच नंबर आहे अजून, ओटीपी आला की लगेच पाठव, मागच्या वेळी तो माणूस सिलिंडर घेऊन परत गेला होता.

आई