ओटी आणि ओटीपोट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवाच्या पुरवणीत ‘कमावत्या लेकी’ या मथळ्याखाली चाकणच्या कंपनीतल्या मुलींचा अर्धं पान फोटो पाहिला. निळे एप्रन, टोप्या, सगळ्या हसऱ्या. बँकेत खातं आलं, गावाकडे फ्रिज गेला, मुली सबल झाल्या. छान वाटलं. माझ्या चार खोल्यांत अशा नऊ जणी भाड्याने राहतात. हिंगोली, वाशीम, नांदेडच्या आणि दोघी बिहारच्या. म्हणजे आपलं सबलीकरण मी रोज सकाळी नळावर पाहते.

आरोग्याबद्दल लेखात एकच वाक्य आहे, ‘कंपनीत पॅडचे मशीनही आहे.’ आहे ना. पाच रुपयांचं नाणं टाकलं की चालतं. मोबाइल-पर्स लॉकरला ठेवून आत जायचं असतं आणि एप्रनला खिसा नाही. नाणं कुठे ठेवायचं, तेवढं लेखिकाबाईंनी विचारून घ्यायचं होतं.

या नऊजणींतली एक वायरिंगच्या लाइनवर आहे. गेल्या पावसाळ्यात तिच्या ओटीपोटात दुखायला लागलं, अंगावरून पांढरं जायचं, वास यायचा. तीन आठवडे कुणाला बोलली नाही. माझ्या लक्षात आलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. कामावर जायच्या आधी ती पाण्याचा घोट घेईना. लघवीला जायला लाइन सोडायची तर बदली मुलगी यावी लागते, बावीस जणींमागे तशी एकच, आणि चारदा गेलं की लीडर सगळ्यांसमोर बोलतो. त्यात पाणी प्यायलं की जळजळ. म्हणून पाणीच बंद!

आमच्या लहानपणी ओटी म्हणजे खण-नारळ. या मुलींची ओटी म्हणजे ओव्हरटाइम. ‘काकू, या महिन्यात ओटी चांगली झाली,’ असं ती मला सांगत होती तेव्हा हात पोटावर दाबून धरलेला होता.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे मीच नेलं. पहिला प्रश्न, ‘लग्न झालंय?’ नाही म्हटल्यावर तपासणं राहिलं बाजूला, माझ्याकडे बघून म्हणाले, ‘आईला बोलावून घ्या.’ आई हिंगोलीला लोकाच्या रानात खुरपायला जाते. ती येणार कधी? पाचशे रुपये घेतले आणि कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. मेडिकलवाला त्याहून हुशार. म्हणाला, उष्णता झालीय, सब्जा खा.

तिला कुणी मित्र आहे का, मी विचारलं नाही. घरमालकिणीने विचारायची ती गोष्ट नव्हे. डॉक्टरने विचारायची आहे, पण दार लावून, हळू आवाजात, आणि उत्तर ऐकून तोंड वाकडं न करता.

शेवटी एक दिवस खाडा करून (हजेरी बोनस गेला) पिंपरीच्या बाजूला सरकारी रुग्णालयात गेलो. तिथे ‘सुरक्षा क्लिनिक’ अशी पाटी आहे, गुप्तरोगांच्या तपासणीची, ती मलाही ठाऊक नव्हती. समुपदेशक बाईंनी मला बाहेर बसवलं, तिच्याशी वीस मिनिटं बोलल्या, तपासणी झाली, एचआयव्हीची चाचणीही करून घेतली. पिवळ्या पाकिटात चौदा दिवसांची औषधं मिळाली. फुकट. जोडीदार असेल तर त्यालाही घेऊन ये, नाहीतर दुखणं परत येईल, असंही त्यांनी सांगितलं म्हणे. एवढं साधं होतं आणि मुलीने तीन आठवडे काढले.

आता ईएसआयचं, म्हणजे सरकारी कामगार विम्याचं. हिच्या स्लिपवर दरमहा पाऊण टक्का कपात दिसते, चौदा हजारांवर १०५ रुपये. त्यावर उपचार पहिल्या दिवसापासून मिळतात. आजारपणाच्या रजेचे ७० टक्के पैसेही मिळतात, वर्षाला ९१ दिवस, पण त्यासाठी सहा महिन्यांच्या मुदतीत ७८ दिवस भरलेले लागतात. ठेकेदार मध्येच ‘ब्रेक’ देतो, म्हणजे काही दिवस घरी बसवतो. मग भरा दिवस! तरी दवाखाना कुठला, कार्ड कुठे, हे भरती करताना कुणीतरी सांगायला नको? हिला दोन वर्षांत कुणी सांगितलेलं नाही. मी स्वतः भोसरीत अठरा वर्षं काम केलं म्हणून मला एवढं तरी कळतं.

जाता जाता आणखी एक. ज्या दिवशी ‘कमावत्या लेकी’ छापून आल्या, त्याच दिवशी आपल्या छोट्या जाहिरातींत ‘गुप्तरोग, कमजोरी, खात्रीशीर इलाज, खानदानी वैद्य’ अशा तीन चौकटी होत्या. मोजल्या मी. १९५४ च्या कायद्याने असल्या जाहिरातींना बंदी आहे, हे आपल्या जाहिरात विभागाला माहीत नसेल असं मला वाटत नाही. समोरच्या चाळीतली पोरं तो नंबर कापून ठेवतात आणि एका पगाराची पुडी घेऊन येतात. पोरांचं दुखणं तर आपल्या पुरवणीत कधी आलेलंच नाही.

त्या तीनपैकी एका चौकटीत १०९७ एवढंच छापा. एड्स आणि गुप्तरोगांची माहिती देणारा सरकारी नंबर आहे, फोनला पैसे पडत नाहीत. जागेचं भाडं किती होतं ते कळवा, आम्ही दहाजणी वर्गणी काढू.

आपली,
एक खोलीमालकीण, चाकण

(नाव छापू नये. छापलंत तर ती मुलगी कोण, हे आमच्या गल्लीत संध्याकाळपर्यंत कळेल.)