दिग्याला पत्र: वारीच्या व्हिडिओखाली काय वाजवायचं

प्रिय दिग्या,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. व्हॉट्सॲपवर उत्तर टाइप करायला घेतलं पण ते संपेचना, म्हणून शेवटी मेलच करतोय, चहा घेऊन बस. स्पर्धेसाठी केलेलं दिवे घाटातलं शूटिंग भारी झालंय, तो वरून घेतलेला शॉट, वळणावर सगळ्या पताका एकदम दिसतात तो, त्याला हात लावू नकोस. पण त्याखाली तू जो अभंग टाकलायस त्याचं आधी बोलू, कारण तू म्हणतोयस की तुकाराम महाराजांचे शब्द आहेत, त्यावर कसला आलाय कॉपीराइट, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

शब्दांवर नाहीच रे. पण गाण्याचा सातबारा काढलास तर त्यावर तीन नावं निघतात, शब्द लिहिणारा, चाल लावणारा आणि रेकॉर्डिंग काढणारी कंपनी. आपला १९५७ चा कायदा या तिघांचं वेगवेगळं धरतो. शब्द आणि चालीचा हक्क तो माणूस गेल्यावर पुढची ६० वर्षं, रेकॉर्डिंगचा हक्क ते बाजारात आल्यावर ६० वर्षं, आणि दोन्हीकडे मोजणी पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. तू घेतलेली चाल श्रीनिवास खळेंची. खळेकाका २०११ ला गेले, म्हणजे चाल २०७१ च्या डिसेंबरपर्यंत राखीव, तोवर तू आणि मी कुठे असू ते माउलींनाच माहीत. शिवाय रेकॉर्डिंग कंपनीचं, आणि गाणाऱ्याचा कलाकार म्हणून हक्क असतो तो अजून वेगळा. तीन नावांतलं एकच नाव सुटलं.

तुझा भाचा म्हणतो ३० सेकंदांपर्यंत चालतं. असा आकडा कायद्यात कुठेच नाही. सूट आहे ती स्वतःपुरत्या खाजगी वापराला, समीक्षेला, बातमीला वगैरे, आणि बक्षिसाच्या व्हिडिओखाली वातावरणनिर्मितीसाठी गाणं टाकणं यातल्या कशातच बसत नाही. शेवटी 'सौजन्य' लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली असंही नाही, उलट हे दुसऱ्याचं आहे हे मला माहीत होतं असं तूच लिहून दिल्यासारखं होतं. आणि रील्सवर सगळे टाकतात त्याचं म्हणशील तर तिथे ॲपने कंपन्यांशी करार केलेला असतो आणि तो ॲपच्या आतल्या वापरापुरता असतो, तेच रील डाउनलोड करून पेन ड्राइव्हवर स्पर्धेला दिलंस की करार मागेच राहिला. गाणं ओळखू येऊ नये म्हणून पिच थोडा वर करायची भाच्याची आयडिया तर सोडूनच दे, खळेंची चाल अर्धा स्वर वर नेऊन वाजवणार, ऐकवेल का तुला?

रीतसर परवानगी मागता येते, नाही असं नाही, पण रेकॉर्डिंगसाठी कंपनीला आणि चालीसाठी तिचा हक्क ज्याच्याकडे आहे त्याला, अशी दोन दारं ठोठवायची, आणि तेवढ्यात तुझी शेवटची तारीख निघून जाईल.

आता आमचं सांगतो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीवर आम्ही स्पर्धेसाठी व्हिडिओ केला तेव्हा पहिली भांडणं म्युझिकवरूनच झाली. सगळ्यांना कुणातरी मोठ्या उस्तादाची सतार हवी होती. मी म्हटलं सतार नको, मिरजेचाच गायक घेऊ, अब्दुल करीम खाँ. खाँसाहेब १९३७ ला गेले, इथे मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे, आणि त्यांच्या हयातीतल्या ७८ आरपीएमच्या तबकड्या भारतात कधीच्याच मोकळ्या झाल्यात. कायद्याने काही अडत नव्हतं. अडतं ते यूट्यूबवर. तीच जुनी रेकॉर्डिंग्ज कुणीतरी सीडीवर काढून परत आपल्या नावाने चढवलेली असतात, आणि कंटेंट आयडी नावाचं त्यांचं मशीन नुसता आवाजाशी आवाज जुळवतं, हक्क संपलाय का हे त्याला कळत नाही. क्लेम, म्हणजे हे आमचं आहे असा दावा, आला की तुम्ही वाद घालू शकता, पण समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात आणि आपली लिंक परीक्षकांकडे त्याच्या आत जायची असते. वर अमेरिकेत १९३० च्या दशकातल्या रेकॉर्डना १०० वर्षं दिलीयेत, म्हणजे इथे मोकळं तिथे बंद. क्लेम म्हणजे स्ट्राइक नव्हे हे मात्र लक्षात ठेव, क्लेममध्ये बहुतेक वेळा जाहिरातीचे पैसे त्यांच्याकडे जातात किंवा व्हिडिओ काही देशांत दिसत नाही, स्ट्राइक म्हणजे यूट्यूबची ताकीद, ते तीन झाले की चॅनेलच जातं.

पण खरं सांगू का, एडिटवर लावून बघितलं तर कानालाच पटेना. खाँसाहेबांचा सूर लागला की बघणारा डोळे मिटून घेतो, आणि आम्हाला तर त्याने हात बघायला हवे होते, भोपळ्यावर दांडी बसवणारे. मग ठरलं की कारखान्यातलेच आवाज घ्यायचे. कानस, रंधा, खुंटी पिळताना होणारं कुरकुर, आणि सगळ्यात शेवटी जवारी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून आवाज खुलवणं. तू ऐकलीयेस का कधी जवारी काढताना? कारखान्यातले चाचा घोडी घासतात, तार छेडतात, परत घासतात, तोपर्यंत तंबोरा नुसता टणटण बोलतो, आणि मग तारेखाली सुताचा दोरा सरकवत सरकवत एका जागी आला की आवाज असा काही पसरतो की आमचा कॅमेरावाला हलला, फुटेजमध्ये दिसतं ते. २०२४ ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाल्यापासून चाचांना कॅमेऱ्यांची सवय झालीये, त्यांना ढिम्म फरक पडला नाही. तोच पंचम-षड्ज आम्ही पूर्ण व्हिडिओखाली चालवला.

रेकॉर्डिंग फोनवरच केलं, कॉलर माइक लावून. पंखा बंद, मागे दोरीवर दोन गोधड्या, आणि कुणीही न बोलता त्या खोलीचा नुसता आवाज मिनिटभर घेऊन ठेवला, एडिटिंगला फार उपयोगी पडतो. आणि कागद केला. दोन ओळीच, हे वादन या व्हिडिओसाठी वापरायला परवानगी, कुठे आणि किती काळ. हे लिहायचंच, कारण लिहिलं नाही तर कायदा पाच वर्षं आणि फक्त भारत एवढंच धरतो.

तर तुझ्याकडे वारी आहे! तुला बाहेरून गाणं आणायची गरजच काय? दिंडीत जे चालतं त्या पारंपरिक चाली, कुणा एकाच्या नाहीत. तुझ्या क्लिप्सचा मूळ आवाज नीट ऐक, विणेकऱ्याच्या जवळचे तुकडे बाजूला काढ. फक्त एक बघ, रस्त्याकडेच्या स्वागत मंडपातले स्पीकर. टाळमृदंगाच्या मागे कुठेतरी सिनेमातलं गाणं वाजत असतं, आपल्याला जाणवत पण नाही पण मशीन बरोब्बर पकडतं. तेवढे तुकडे गाळ. आवाज कमी पडला तर तुमच्या पेठेतल्या भजनी मंडळाला विचार, पखवाज, टाळ आणि चार गळे एवढंच पाहिजे, बुजुर्ग मंडळी हसत हसत करतील, आणि त्यांच्याकडूनही कागद घे. चाल मात्र जुनी म्हणा असं आधीच सांग, नाहीतर हौसेने खळेंचीच म्हणतील.

अगदीच रेडीमेड हवं असेल तर यूट्यूब स्टुडिओत ऑडिओ लायब्ररी आहे, फुकट. मला त्यातलं एकही वारीखाली शोभेलसं वाटलं नाही, पण टायटलला चालेल. क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे करणाऱ्याने अटी घालून वापरायला दिलेलं, घेतलंस तर परवान्यातली अक्षरं बघ, बीवाय असेल तर नाव द्यायचं, एनडी असेल तर व्हिडिओखाली लावायचंच नाही, एनसी असेल तर पैशाचा वापर नको, आणि तुमच्या स्पर्धेत रोख बक्षीस आहे म्हणून मी तर एनसीच्या वाटेला गेलो नसतो. परवाना लिहिलेल्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेव.

आणि स्पर्धेचे नियम पूर्ण वाच बाबा, शेवटचं पानसुद्धा. बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं की आलेले सगळे व्हिडिओ आयोजक हवे तिथे वापरणार आणि संगीताची जबाबदारी स्पर्धकाची. आम्हाला उत्तेजनार्थ मिळालं, पहिला नंबर ड्रोनवाल्याला, त्यावर भेटल्यावर शिव्या घालू.

रविवारपर्यंत रफ कट पाठव, आवाजाचा ट्रॅक वेगळा पाठव म्हणजे मी हेडफोन लावून ऐकतो. आणि तो बैलांचा स्लो मोशन काढून टाक, फार लांबलाय.

तुझा,
संज्या