जेवणाआधी प्रश्न नाहीत

सिव्हिल लाइन्स, नागपूर

चि. सोहम,
अनेक आशीर्वाद.

हे फोनवरही बोलता आलं असतं, पण आजी फोन स्पीकरवर टाकते आणि मग आपलं बोलणं अख्ख्या मजल्याला कळतं. आमच्या शाखेतले एक जण परवा मुंबईला परततायत, डोंबिवलीचेच आहेत. त्यांच्याकडे हे पाकीट देते. संत्री मी येताना आणीन, त्यांच्यावर ओझं नको.

मी निघताना तू दारात एक वाक्य टाकलंस आणि आत पळालास. "तू आलीस की अर्धा तास कोणी बोलायचं नाही, आणि मी आलो की मात्र लगेच सगळं सांगायचं!" गाडीत बर्थवर आडवी झाल्यापासून त्याचं उत्तर जुळवतेय. उत्तरं जुळवणं हाच माझा धंदा, त्यामुळे जरा लांबेल.

आम्ही इथे हुरडा खायला येतो असं तुला वाटतं. वर्षातलं एक अधिवेशन नागपुरात घ्यायचं, हे १९५३च्या नागपूर करारात ठरलं. म्हणून विधिमंडळ इथे येतं आणि त्याच्यामागे फायलींच्या पेट्या घेऊन आम्ही मंत्रालयातली माणसं. करोनाची दोन वर्षं तेवढी चुकली. आमदार तारांकित प्रश्न विचारतात, त्याचं तोंडी उत्तर मंत्री सभागृहात देतात. ते उत्तर आधीच छापलेलं असतं. खरी पळापळ उपप्रश्नांची. कोण उठून काय विचारेल, कुठल्या तालुक्याचा आकडा मागेल, याचा अंदाज बांधून आम्ही रात्री कागद तयार करतो. सकाळी अधिकारी गॅलरीत बसतात आणि आमचे फोन वाजायला लागतात. अधिवेशन नसलं की माहिती अधिकाराचे अर्ज असतात, वरून स्मरणपत्रं असतात. म्हणजे बाराही महिने कोणीतरी काहीतरी विचारतंय आणि मी शोधून देतेय.

आता घर बघ. मी लिफ्टमधून बाहेर पडते. आजी म्हणते, "गॅसवाल्याचा फोन आला होता, त्याला काय सांगू?" तू म्हणतोस, "खायला काय आहे?" बाबांचा मेसेज येतो, "पोचलीस का?" तिन्ही साधे प्रश्न आहेत, प्रेमाचे आहेत. पण तेव्हा ते मला उपप्रश्नांसारखेच लागतात.

इथे आल्यावर एक गंमत झाली. मला वाटायचं, मला शांतता हवी असते. पहिल्या संध्याकाळी खोलीवर एकटीच होते. टीव्ही नाही, कुकर नाही, तुझा बॉल नाही. तासाभरात शाल गुंडाळून बाजूच्या खोलीतल्या बायकांत जाऊन बसले आणि रात्री उशिरापर्यंत हसत होतो. कोणी कोणाला काही विचारत नव्हतं, ज्या त्या सांगत होत्या. मग लक्षात आलं की मला आवाज चालतो, माणसंही चालतात. उत्तर द्यावं लागणं तेवढं नको असतं.

आणि तशी उत्तर न देण्याची मोकळीक मला रोज मिळते, हे तुझ्या बाजूचं बोलायला हवं. सव्वासहाला ऑफिस सुटलं की शेअर टॅक्सीने सीएसएमटी. गाडी तिथूनच सुटते म्हणून बसायला मिळतं. डोंबिवलीपर्यंत तासभर मी आमच्या लेडीज डब्यात असते. कोणी मेथी निवडते, कोणी क्लिपवालीशी घासाघीस करते. दादरला गर्दी आत आली की तिघींच्या बाकावर चौथीला जागा देण्यावरून एखादं भांडण पेटतं, तेही आम्ही चवीने ऐकतो. स्टेशनला उतरते तेव्हा ऑफिस बरंचसं मागे पडलेलं असतं. बसायला मिळालं नाही, तर मात्र ते घरापर्यंत येतं. तो अर्धा तास मी त्याच दिवशी मागते. तू नीट आठवून बघ, रोज नाही मागत.

तुझ्याकडे अशी गाडी नाही. पावणेसहाला उठतोस, सातची शाळा. दुपारी घरी आलास की आजीला झोप हवी असते म्हणून घरात पावलं न वाजवता फिरायचं, गृहपाठ उरकायचा. पाचला क्लास. साडेसातला घरी. शाळेत तोंडी परीक्षा, क्लासमध्ये रोजची टेस्ट, घरी आजी, आणि आठ-सव्वाआठला मी: डबा संपवलास का, किती पडले, सरांनी वही बघितली का. माझ्यापेक्षा तुलाच जास्त प्रश्न असतात. फरक एवढाच की मला त्याचा पगार मिळतो.

शिवाय तुझ्या वयाचं एक वेगळं लचांड आहे. तेरा-चौदाव्या वर्षी झोप आणणारं मेलाटोनिन शरीरात उशिरा तयार व्हायला लागतं. रात्री साडेदहाला तू टक्क जागा असतोस तो सगळाच उनाडपणा नसतो. आणि झोप तर तुला आठ ते दहा तास हवी. २०२४ मध्ये सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका असं काढलं, तेव्हा समोरच्या पिंट्याला बघून तू किती चिडला होतास. तुझी चिडचिड रास्त होती. झोपेचं गणित आठवीलाही लागू आहे, निर्णय मात्र चौथीला थांबला. तो माझ्या विभागाचा नाही, त्यामुळे तिथे मी काही करू शकत नाही.

तुझा बॉल. बाबांच्या जुन्या सॉक्समध्ये टेनिस बॉल घालून, परकराच्या नाडीने तो गॅलरीच्या ग्रिलला बांधलायस. गाठ मारायला आजीनेच शिकवलं, हेही मला माहीत आहे. बॅट लागली की टक्, परत येताना बॉल ग्रिलला घासतो तेव्हा खर्र. टक्-खर्र, टक्-खर्र. आतल्या खोलीत पडल्या पडल्या मी तुझा दिवस ओळखते. एका लयीत, मध्ये मध्ये थांबत चाललं असेल तर बरा गेलाय. खर्र ऐकू यायच्या आत पुढचा टक् आला तर क्लासमध्ये काहीतरी झालंय. नुसताच टक् येऊन थांबला तर नाडी तुटली, आता तू स्वयंपाकघरात नवी शोधत येणार. हे तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू मुद्दाम सावकाश खेळला असतास. तो बॉल बंद कर असं मी म्हणणार नाही. खालच्या काकांची तक्रार नऊनंतरच्या आवाजाची आहे, आधीची नाही. त्यांना मी सांगीन.

मोबाईलवरच्या गेमबद्दल माझं मत तसंच आहे. चार अनोळखी पोरांवर ओरडून झाल्यावर तुझे कान लाल झालेले असतात. त्याला विश्रांती म्हणायला मी तयार नाही. "मग बाबा रील्स बघतात ते?" हा तुझा उपप्रश्न मला आत्ताच ऐकू येतोय. त्याचं उत्तर बाबांनी द्यायचं.

पण बाबांच्या गप्प बसण्याबद्दल थोडं सांगते. दिवसभर ते हेडफोन लावून चिडलेल्या ग्राहकांचं ऐकतात, आणि आवाज चढवायची सोय नाही. रेना रेपेटी नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत. विमानांची वाहतूक हाताळणाऱ्या कंट्रोलरांचा त्यांनी अभ्यास केला, तो १९८९मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या दिवशी काम जास्त, त्या दिवशी ती माणसं घरी येऊन अबोल व्हायची. जोडीदाराने समजून घेतलं, गप्प राहू दिलं, तर राग कमी निघायचा. वाचून मला बाबा लगेच ओळखू आले. माझी कुरकुर वेगळीच आहे. समजून घेणारा जोडीदार आपल्याकडच्या बहुतेक घरांत बायकोच असते, आणि ती स्वतः कुठून दमून आली आहे हे कोणी मोजत नाही. पुढे तुझं घर होईल तेव्हा हे लक्षात ठेवशील तर बरं.

आजीचं उलटं आहे. तिचा दिवस बिनबोलता गेलेला असतो. तिला सात ते नऊ मालिका हव्यात आणि त्यावर बोलायला माणूस हवं. पोळ्यांच्या काकू येऊन गेल्या की तिच्याशी बोलायला भिंतीच उरतात. म्हणून ती दारातच सुरू होते. मी तुझ्यावर वैतागते तशी तिच्यावर वैतागू शकत नाही, मग तिच्या वाट्याचंही कधी कधी तुला मिळतं. ते तू ओळखलं आहेस, असं मला वाटतं.

म्हणजे दोन खोल्यांत चार दमलेली माणसं. एकीला बोलायचंय, एकाला बॉल ठोकायचाय, एकाला गप्प बसायचंय आणि एकीला प्रश्न नकोत. शनिवारी तरी जमावं, तर तेही नाही. २०२० साली फेब्रुवारीच्या शेवटी आम्हाला पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, तेव्हा मी पेढे वाटले होते. शनिवार मिळाला, बदल्यात रोजची संध्याकाळ पाऊण तासाने आखडली. आणि आता शनिवारी मी घरी, तर तू क्लासच्या टेस्टला.

तर माझा प्रस्ताव असा. जेवणाआधी मी तुला एकही प्रश्न विचारणार नाही. डब्याचा नाही, मार्कांचा नाही, सरांचा तर नाहीच. तूही मला विचारायचं नाहीस. भूक लागली तर डबे उघडून बघायचे, लाडू वरच्या फळीवर असतात हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. सांगायचं असेल ते मात्र दोघांनी खुशाल सांगावं. मला बसायला मिळालं नाही त्या दिवशी मी काही न बोलता आतल्या खोलीचा पडदा ओढीन. तेवढी वीस मिनिटं बॉल बंद, मग नऊपर्यंत तुझा. तुझा दिवस वाईट गेला तर पडदा तू ओढ. बाहेर आजीचा किल्ला मी सांभाळीन, मालिकेत कोण कोणाची सून ते निदान कळेल तरी. वही-मार्कांचं जेवणानंतर, पण टाळायचं नाही. ही अट मी सोडणार नाही. तुला गणितात मदत लागतेय आणि तू ती मागत नाहीस, हे मला दिसतंय.

बाबांना यात धरलेलं नाही. त्यांच्याशी रविवारी बोलेन.

अधिवेशन शुक्रवारी संपेल असं म्हणतायत. संपलं तर विदर्भ एक्स्प्रेसने निघेन आणि कल्याणला उतरून रिक्षाने येईन, स्टेशनवर कोणी यायची गरज नाही. आजीची रात्रीची गोळी तू स्वतः हातात दे, ती ठेवून विसरते. तुझ्या काही अटी असतील तर वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव. फोनवर सांगू नकोस, स्पीकर आहे.

तुझी,
आई