परतीचे दहा दिवस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोजसारखी नवी कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) बाजारात आली की तिचं रूप, तिचा वेग, तिच्यातल्या सोयी यांवर रकानेच्या रकाने भरतात. पण ती आपल्या संगणकात आपल्याला नको असताना येऊन बसली, आणि सकाळी बघावं तर आवाज बंद, प्रिंटर गप्प, पडद्यावरची अक्षरं भलीमोठी; अशा वेळी काय करायचं, हे कुठं छापून येत नाही. मी संगणक दुरुस्त करते. माझ्या टेबलावर येणाऱ्या अशा यंत्रांपैकी बहुतेकांचं हार्डवेअर धडधाकट असतं. मालक मात्र नवं यंत्र घ्यायचं मनाशी ठरवूनच आलेले असतात.

मध्यंतरी एक निवृत्त गृहस्थ लॅपटॉप घेऊन आले. अपग्रेडनंतर आवाज गेला होता आणि 'मदरबोर्डच (आतली मुख्य पाटी) बदलावा लागेल' असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मी लिनक्स या दुसऱ्या, फुकट मिळणाऱ्या कार्यप्रणालीचा पेनड्राइव्ह लावला, त्यावरूनच यंत्र सुरू केलं आणि एक गाणं लावलं. आवाज खणखणीत. डिस्कवरच्या कशालाही हात न लावता अशी तपासणी करता येते, आणि तिचा निकाल सरळ असतो: दुसऱ्या कार्यप्रणालीत भाग चालला तर भाग शाबूत, दुखणं पहिल्या कार्यप्रणालीत. (उलट मात्र खरं नाही. लिनक्सला एखादं वाय-फाय कार्ड ओळखता आलं नाही म्हणून ते मेलं असं होत नाही.) कीबोर्डची शंका असेल तर पेनड्राइव्हही नको. बायोसच्या, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगांच्या, निळ्या-काळ्या पडद्यात जाऊन बाणाच्या कळा दाबून बघा. तिथं त्या चालल्या तर कीबोर्डला दोष देऊ नका.

दुखणं असतं ते ड्रायव्हरचं. ड्रायव्हर म्हणजे कार्यप्रणाली आणि सुटा भाग यांच्यामधला दुभाष्या. यजमान बदलला की जुन्या दुभाष्याचं काही वेळा जमेनासं होतं, मग कार्यप्रणाली स्वतःचा एक कामचलाऊ माणूस बसवते. अक्षरं मोठी नि चित्र भरड दिसतं ते त्यामुळं: ग्राफिक्स कार्ड जागेवर असतं, पण विंडोजनं 'बेसिक डिस्प्ले अॅडॉप्टर' नावाचा सर्वसाधारण ड्रायव्हर लावलेला असतो. डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली सगळ्या भागांची यादी, उघडला की पिवळ्या खुणा दिसतात. तिथल्या आकड्यांना लोक उगाच घाबरतात. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही. कोड १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकलं नाही. अशा वेळी आधी ड्रायव्हरकडंच बघावं. कोड ४३ दिसला तर मी जरा सावध होते, कारण तिथं उपकरणानं स्वतःच बिघाड कळवलेला असतो, आणि तो कधीकधी खराही निघतो.

ड्रायव्हर घ्यायचा तो यंत्राचा मॉडेल क्रमांक बघून, ते बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून. 'तुमचे सगळे ड्रायव्हर जुने झालेत' असं लाल अक्षरांत ओरडणारी फुकट सॉफ्टवेअरं कृपा करून उतरवू नका; माझा निम्मा वेळ ती काढण्यात जातो. वाय-फायचाच ड्रायव्हर गेला असेल तर तो आणायला इंटरनेट कुठून आणायचं, हा हमखास येणारा प्रश्न. फोन यूएसबी केबलनं जोडा आणि त्याचं इंटरनेट संगणकाला द्या. ड्रायव्हरच्याच खिडकीत 'रोल बॅक'चं बटण असतं. ते फिकट पडलेलं नसेल तर आधी ते दाबून बघावं.

आणखी एक गोष्ट. विंडोजमध्ये 'शट डाउन' केलं की यंत्र पूर्ण बंद होतं असं सगळ्यांना वाटतं. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर कार्यप्रणालीच्या गाभ्याची आणि ड्रायव्हरांची अवस्था डिस्कवर साठवून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत उचलली जाते, बिघाडासकट. 'रीस्टार्ट'मध्ये तसं होत नाही. 'रोज बंद करून चालू करतोय, तरी तेच' म्हणणाऱ्यांना मी आधी फक्त रीस्टार्ट करायला लावते, आणि त्यातले काही तेवढ्यावरच घरी जातात.

जुना स्कॅनर, जुना प्रिंटर यांचं मात्र अवघड असतं. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते, आणि ३२ बिटचा, म्हणजे जुन्या बांधणीचा, ड्रायव्हर तिच्यात चालत नाही. ज्या उपकरणाचा ड्रायव्हर ३२ बिटचाच निघाला आणि कंपनीनं पुढं काही केलं नाही, त्याच्यापुढं माझंही काही चालत नाही. शिवाय 'मेमरी इंटिग्रिटी' ही सुरक्षेची सोय चालू असेल तर ती काही जुन्या ड्रायव्हरांना आतच येऊ देत नाही. ती बंद करून स्कॅनर चालवायचा की चालू ठेवून स्कॅनर सोडायचा, हे ज्याचं त्यानं ठरवावं. बँकेचे व्यवहार त्याच यंत्रावर होत असतील तर मी स्कॅनर सोडायला सांगते.

हार्डवेअर कधीच जात नाही, असं मी म्हणणार नाही. अपग्रेडच्या वेळी डिस्कवर कित्येक जीबी लिहिलं जातं. आधीच थकलेली हार्ड डिस्क त्या ओझ्यानं बसते. टकटक आवाज येत असेल तर ड्रायव्हरच्या नादी लागू नका, आधी फायली दुसरीकडं घ्या. पंखा घोंघावणं मात्र वेगळं. अपग्रेडनंतर यंत्र मागच्या मागं फायलींची अनुक्रमणिका करत असतं, अपडेट उतरवत असतं. त्याला काही तास चालू ठेवून सोडून द्यावं.

आता माझी खरी तक्रार. अपग्रेड करून घेतलेल्या विंडोजमध्ये सेटिंग्जच्या 'रिकव्हरी'मध्ये 'गो बॅक' असतं. त्यानं जुनी आवृत्ती परत येते, आपल्या फायली राहतात, नंतर बसवलेले प्रोग्रॅम तेवढे जातात. विंडोज १० आली तेव्हा यासाठी एक महिना मिळायचा. २०१६ साली ही मुदत १० दिवसांवर आणली. आवाज गेला, मग शेजारचा मुलगा येऊन बघून गेला, मग कुणीतरी मदरबोर्ड म्हणालं, मग रविवार आला... माणूस माझ्याकडं पोचेपर्यंत दहा दिवस उलटलेले असतात. काहींनी तर 'जागा मोकळी करा' म्हटल्याबरोबर जुनी आवृत्ती जपून ठेवणारं 'विंडोज.ओल्ड' हे फोल्डर स्वतःच्या हातानं पुसलेलं असतं, म्हणजे दारच बंद. गंमत अशी की ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण कमांड प्रॉम्प्टमध्ये आज्ञा टाइप करून, आणि तीही मुदत संपायच्या आत. सेटिंग्जमध्ये तिच्यासाठी बटण नाही. म्हणजे अडचण तांत्रिक नाही.

नको म्हणणाऱ्याला वळसा घालायची ही विंडोज बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टची खोड जुनी आहे. २०१६ साली विंडोज १०च्या सूचनेची खिडकी फुलीवर क्लिक करून बंद केली तरी ठरलेलं अपग्रेड रद्द होत नसे. त्यावर बरीच ओरड झाल्यावर स्पष्ट नकाराचा पर्याय आला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात ट्रॅव्हल एजन्सी चालवणाऱ्या एका बाईंना न मागितलेल्या अपग्रेडनं यंत्र निकामी झाल्याबद्दल मायक्रोसॉफ्टकडून १०,००० डॉलर मिळाले. आपल्यापैकी कोण एवढ्यासाठी कोर्टात जाणार?

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट, संपला. सुरक्षेसाठी अपग्रेड करावं हे मला मान्य आहे, ग्राहकांना मी तेच सांगते. पण ते मालकानं दिवस निवडून, फायलींची प्रत काढून, आपल्या प्रिंटर-स्कॅनरचा ड्रायव्हर मिळतो का ते बघून करावं. आपल्या दैनिकाला माझी विनंती एवढीच आहे: नव्या आवृत्तीची बातमी द्याल तेव्हा तिच्याशेजारी एक छोटी चौकट टाका, परत जायला किती दिवस मिळतात आणि ते बटण कुठं असतं एवढं सांगणारी.

आपली,
एक संगणक दुरुस्ती करणारी वाचक