नानांच्या वहीबद्दल जाहीर आभार

ती. नाना,
सा. न. वि. वि.

स्टुडिओचं शटर तुम्ही कधीच खाली ओढलंत, पण तुमच्या दोनशेपानी वहीच्या झेरॉक्स आज जळगाव, धुळे, शहाद्याच्या कितीतरी कॅमेरा बॅगांत आहेत. डाव्या पानावर खान्देश, उजव्या पानावर परदेश. परक्या मुलखातली रोजची कामं आणि पूजाअर्चा टिपायला निघणाऱ्याला याहून कामाचं पुस्तक आम्हाला माहीत नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

पहिलंच पान लाल शालूचं. लग्नाच्या अल्बममध्ये शालूची जर आणि चुण्या जाऊन नुसतं लाल ठिगळ का उरतं? कॅमेऱ्याच्या साध्या हिस्टोग्राममध्ये, म्हणजे उजेड-अंधाराच्या आलेखात, लाल, हिरवा, निळा हे तिन्ही रंग मिसळलेले असतात, त्यामुळे तो ठीक दिसतो. लाल चॅनल, म्हणजे एकट्या लाल रंगाची नोंद, मात्र तोवर भरून सांडलेला असतो. समोरच्या पानावर लाओसमधलं लुआंग प्राबांग, पहाटे भिक्षेला निघालेले भिक्खू आणि त्यांची भगवी चीवरं. रोग तोच, औषधही तेच: तिन्ही रंग वेगवेगळे दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम चालू, एक्स्पोजर उणे ०.७ (फोटो जरा काळसर), फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेली. सावली नंतर उजळता येते, सांडलेला लाल परत येत नाही.

त्याच पानावर शटरचा हिशेब आहे. भिक्खू अनवाणी असतात, पण चाल झपाझप. रांग समोरून येत असेल तर १/१२५ सेकंद पुरतं. आडवी जात असेल तर फोटोत पाय धूसर येतात, १/२५० लागतं. सूर्योदयाआधी त्यासाठी लेन्सचं तोंड मोठं उघडं, एफ/२, आणि सेन्सरची संवेदनशीलता वाढवून आयएसओ ३२०० ते ६४००. दाणे येतील, येऊ द्या. फ्लॅश बंद, आणि फोकससाठी कॅमेरा स्वतःच टाकतो तो नारिंगी दिवाही बंद. तो विसरतात, आणि अंधारात तो थेट भिक्खूच्या चेहऱ्यावर पडतो. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला थांबायचं, खांदे-गुडघे झाकलेले, रांगेच्या वाटेत पाऊल नाही. वाइड लेन्स घेऊन गेलेला माणूस हटकून पुढे सरकतो, म्हणून लांबूनच टिपणारी ८५ एमएम. सराव कुठे? मुक्ताईची पालखी पहाटे मुक्काम सोडते तेव्हा.

दिव्यांचं पान डावीकडे खान्देशातल्या कानबाई देवीचं. नागपंचमीनंतरच्या रविवारी बसलेली, नथ ल्यालेल्या नारळाची कानबाई, समया, आणि त्या उजेडात गाणाऱ्या बायांचे चेहरे. उजवीकडे काठमांडूचा बौद्धनाथ आणि तिथले तुपाचे दिवे. ज्योतीवर उजेड मोजाल तर चेहरे काळे पडतील. एवढ्याशा जागेचा उजेड मोजणारं स्पॉट मीटर गालावर, ज्योत फोटोत पांढरीफटक पडली तर पडू द्यायची. ज्योतीचा रंग १९०० केल्व्हिनच्या (उजेडाच्या रंगाचं माप) आसपास. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ३२०० केल्व्हिनवर ठेवला की ऊब राहते. ऑटोवर कॅमेरा प्रत्येक फ्रेमला वेगळा विचार करतो, आणि मग वीस फोटोंचा एक संच कधी जुळत नाही. स्तूपाभोवती माणसं स्तूप उजव्या हाताला ठेवून फेरी घालतात. आपणही त्याच दिशेने चालायचं. उलटं चालून समोरून चेहरे टिपणारा लगेच ओळखू येतो.

मग पशुपतिनाथ. मुख्य मंदिरात फोटोला मनाई आहे, ते सोपं. पण बागमतीच्या पलीकडच्या काठावर पर्यटक लांब लेन्स लावून चिता टिपत बसतात, त्यांना कोणी उठवत नाही. त्या पानावर तुम्ही एक्स्पोजर लिहिलंच नाहीत. एवढंच आहे: ‘तापीकाठी आपल्या माणसाला कोणी असं टिपलं असतं तर?’ आमच्यात यावर वाद झाले आणि अजून होतात. वृत्तछायाचित्रकाराचं काम वेगळं, असं काहींचं म्हणणं आहे. झेरॉक्स काढताना मात्र हे पान कोणी वगळत नाही.

परवानगीबद्दल तुमची अहिराणी एक ओळ पुरते: ‘पयले इचार, मंग बटन दाब.’ भाषा येत नसेल तर कॅमेरा छातीशी, भुवया वर, आणि थांबायचं. नकार आला तर हसून पुढे. हो आलं तर ४×६ची प्रिंट पाठवायची, आणि पत्ता त्यांच्याच हाताने, त्यांच्याच लिपीत लिहून घ्यायचा. आपण इंग्रजीत उतरवलेला पत्ता तिथल्या पोस्टमनला लागेलच असं नाही.

बॅटऱ्या केबिन बॅगेत, एसीच्या खोलीतून बाहेर पडताना कॅमेरा अर्धा तास झिपच्या पिशवीत, हे आता बहुतेकांना पाठ आहे.

एका पानात मात्र आम्ही ढवळाढवळ केली आहे. देवळात आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावावं, तर एलईडीखाली फोटोवर आडवे पट्टे येतात, कारण सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि मधेच दिवा लुकलुकतो. तुम्ही लिहिलंत: १/५० किंवा १/१००. आपल्याकडे, नेपाळात, लाओसमध्ये वीज ५० हर्ट्झची (सेकंदाला ५० आवर्तनं), तिथे ते बरोबर. पण जपानात पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६०. तोक्योत तुमचा आकडा चालतो, क्योतोत १/६० किंवा १/१२० लागतं. दुरुस्ती पेन्सिलीने केली आहे. पटली तर शाईने गिरवा, नाहीतर खोडरबर तुमच्याकडे आहेच.

तुमचे,
जळगाव-धुळे-नंदुरबारचे कॅमेरेवाले