इंटरव्ह्यूला जाताना आपलं काम बोलता यायला हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिप्लोमा, आयटीआय आणि इंजिनिअरिंगचे निकाल लागले की कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीत कारखान्यांच्या गेटवर फायली घेतलेली मुलं-मुली दिसू लागतात. गडहिंग्लज, राधानगरी, गारगोटीकडून पहाटेच्या एसटीने निघालेली असतात. मी इथल्या एका फौंड्रीच्या (धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या) गुणवत्ता विभागातून निवृत्त झाले. नोकरीत असताना अशा कित्येक मुलांचे इंटरव्ह्यू घेतले. हुशार मुलं केवळ चुकीच्या तयारीमुळे मागे पडताना पाहिली, म्हणून हे पत्र.

‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की बहुतेक मुलं डोळे वर करून पाठ केलेला इंग्रजी उतारा म्हणायला लागतात. नाव, गाव, वडील शेती करतात, माझी ताकद म्हणजे मी कष्टाळू, माझा कमकुवतपणा म्हणजे मी पटकन कुणावरही विश्वास ठेवतो. एका वर्गातल्या दहा जणांचा हाच उतारा, शब्दही तेच. मध्ये एखादं वाक्य विसरलं की मूल घामाघूम होतं आणि पुढच्या सोप्या प्रश्नांनाही गप्प बसतं. यात मुलांचा दोष नाही, त्यांना तयारी म्हणून हेच शिकवलं जातं.

एकदा राधानगरी भागातला डिप्लोमाचा एक मुलगा असाच अडखळला. मी टेबलाखालून एक रिजेक्ट कास्टिंग (ओतून तयार केलेला भाग) काढून त्याच्यापुढे ठेवलं आणि मराठीत विचारलं, ‘हे का टाकून दिलं असेल?’ त्याने ते खिडकीकडे नेलं, उजेडात फिरवलं, पोकळीत करंगळी घातली. म्हणाला, ‘मॅडम, आतून गुळगुळीत लागतंय, म्हणजे अडकलेल्या गॅसचं भोक आहे, ब्लोहोल. धातू आकसून झालेलं श्रिंकेज असतं तर खरबरीत लागलं असतं.’ गॅस कुठून आला असेल, असं विचारल्यावर साच्याची ओली सॅण्ड (वाळू), नीट न भाजलेला कोअर (पोकळीसाठी साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा), बुजलेला व्हेंट (गॅस बाहेर जायची वाट) अशी कारणं त्याने एकेक करून सांगितली. सुट्टीत उद्यमनगरात एका फौंड्रीत काम केलं होतं त्याने, आणि बायोडाटात त्याची एक ओळही नव्हती! ‘ते काय सांगायचं मॅडम, हेल्परच होतो,’ म्हणाला. आम्ही त्याला घेतलं.

म्हणून मुलांना माझं कळकळीचं सांगणं आहे. बायोडाटा समोर घ्या आणि त्यातल्या प्रत्येक ओळीवर मित्रासमोर, मोठ्याने, पाच मिनिटं बोलून बघा. प्रोजेक्ट चौघांनी मिळून केला असेल, तर त्यात तुमच्या हातचं काम कोणतं? काय बिघडलं, मग काय बदललं? ‘सीएनसी प्रोग्रॅमिंग येतं’ (म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनला आज्ञा देता येतात) असं लिहिलं असेल तर G00 आणि G01 या आज्ञांमधला फरक विचारणारच: पहिलीत टूल मटेरियल न कापता झपकन जागेवर जातं, दुसरीत ठरवलेल्या वेगाने (फीडने) सरळ रेषेत कापत जातं. हे सांगता येत नसेल तर ती ओळ खोडा. ड्रॉईंगवर २५ H7 असं भोक दाखवलं असेल, तर ते २५ मिमीपेक्षा लहान चालत नाही आणि २५ पेक्षा मोठं फार तर २१ मायक्रॉनने (मिमीचे हजारावे भाग), एवढं यायला हवं. आणि एखादी गोष्ट येत नसेल तर सरळ ‘येत नाही’ म्हणा. मारलेल्या थापा पुढच्या दोन प्रश्नांत उघड्या पडतात.

मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं साधन) हातात दिल्यावर एका मुलीने आधी त्याची दोन्ही टोकं रुमालाने पुसली, मिटवून शून्य बघितलं आणि मगच पीस धरला. तिने अजून एक शब्दही उच्चारला नव्हता, पण माझ्या शेजारच्या साहेबांनी कागदावर टिक केली होती.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून २०२४ पासून अनेकांनी कारखान्यांत, कार्यालयांत काम केलं आहे. त्यांनी प्रमाणपत्र फाईलला लावून थांबू नये. तिथे रोज काय करत होता, ते सांगा.

इंग्रजीची भीती घालवायला हवी, हे खरं. ड्रॉईंगवरच्या सूचना आणि गिऱ्हाइकाचे मेल इंग्रजीतच येतात, ते वाचता आलेच पाहिजेत. पण शॉपवरच्या (कारखान्यात मशीनजवळच्या) कामासाठी इंटरव्ह्यू असेल तर सुरुवातीलाच ‘मराठीत सांगितलं तर चालेल का?’ असं विचारण्यात कमीपणा नाही. इथल्या बहुतेक कारखान्यांत शिफ्टचं सगळं बोलणं मराठीतच चालतं.

पगाराचं विचारायलाही लाजू नका. सांगितलेल्या आकड्यातून पीएफ जाऊन हातात किती येणार, ईएसआय (कामगार विमा) लागू आहे का, ओव्हरटाइम कसा धरतात, हे नोकरी धरण्याआधीच कळायला हवं. मुलींनी शिफ्टच्या वेळा आणि परतीची बस आहे का, हेही स्पष्ट विचारावं. ‘लग्न ठरलंय का, लग्नानंतर नोकरी सोडणार का’ असं मुलींना विचारलेलं मी स्वतः ऐकलं आहे आणि तिथल्या तिथे थांबवलंही आहे. मुलाला कुणी हे विचारत नाही. कंपन्यांनी हा प्रश्न कायमचा बंद करावा.

पोचण्याचं गणित आदल्या दिवशीच करा. ‘शिरोली एमआयडीसी’ एवढ्यावर गेट सापडत नाही, प्लॉट नंबर लागतो. पावसाळ्यात तर जास्तच काळजी घ्या. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला होता. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की सकाळीच कंपनीत फोन करून पुढची तारीख मागून घ्या. कुणी शहाणा माणूस त्याबद्दल वाईट मत करून घेणार नाही.

कॉलेजांना आणि उद्योजकांच्या संघटनांना एक विनंती आहे. सराव मुलाखती घेताना बाहेरचे व्याख्याते बोलावता, त्यांच्या जोडीला शॉपवरचा एक सुपरवायझर आणि क्वालिटीचा एक माणूस बसवा. चार रिजेक्ट पीस, एक ड्रॉईंग, मोजायला एक व्हर्नियर एवढं सामान पुरे, खर्च काहीच नाही. कंपन्यांनीही इंटरव्ह्यूच्या निरोपातच कोणत्या कामासाठी बोलावलंय, काय विचारणार, मूळ कागद कोणते लागतील हे कळवावं. आणि निवड झाली नसेल तर तेही आठवड्यात कळवावं. ‘कळवतो’ म्हणून घरी पाठवलेली मुलं महिना महिना फोनकडे बघत बसतात आणि त्या भरात दुसरीकडचा इंटरव्ह्यू सोडतात.

माझ्यासारखे निवृत्त झालेले बरेच जण शहरात आहेत. कुठल्याही कॉलेजने, तालमीने किंवा गावातल्या वाचनालयाने बोलावलं, तर मी मानधन न घेता येईन. रविवार सोडून कधीही चालेल.

आपली,
एक निवृत्त गुणवत्ता अधिकारी,
मंगळवार पेठ, कोल्हापूर